उपनंदाने आधी गवत पाहिलं



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय 11

कालच्या अध्यायात यमलार्जुन पडले. उखळाला बांधलेला कृष्ण रांगत दोन झाडांच्या मधून गेला, उखळ आडवं अडकलं आणि ते दोन मोठाले वृक्ष कडाडून कोसळले. आज त्याच्या पुढे वाचू.

आपल्याकडे भागवत म्हटलं की पटकन नाथांचा एकादश आठवतो. दशम स्कंध मात्र आपण गोष्टींचा म्हणून वाचतो. पूतना, तृणावर्त, लोणी, उखळ, कालिया... एका लीलेवरून दुसऱ्या लीलेवर उड्या मारत जातो. त्या घाईत या अध्यायातले मधले 15-16 श्लोक नजरेतून निसटतात. त्यांत राक्षस नाही की चमत्कार नाही. गोकुळातल्या वडीलधाऱ्यांची एक बैठक आहे, आणि बैठकीपुढे एकच विषय आहे : हे गाव सोडायचं का?

हो, तोच विषय! "पुण्यात राहू की बंगळुरूला जाऊ", "नाशिक सोडून मुंबई परवडेल का", "जर्मनीची ऑफर घेऊ का, आईबाबांचं काय", हे जे प्रश्न तुम्ही मला एरवी थोडं संकोचून विचारता, "ताई, हा अध्यात्माचा विषय नाही, पण..." असं म्हणून, तो विषय भागवतात आहे. चांगला सविस्तर आहे. तेव्हा आज संकोच बाजूला ठेवू.

बैठकीत काय झालं?

झाडं पडल्यावर सगळे हादरले होते. नंदबाबांसह सगळे ज्येष्ठ गोप एकत्र बसले. नंदबाबा प्रमुख, पण पहिल्यांदा बोलले ते उपनंद. भागवत त्यांची ओळख मोठी छान करून देतं. वयाने मोठे, समजेने मोठे, आणि जागा, वेळ, परिस्थिती तिन्ही ओळखणारे. शिवाय बलराम-कृष्णांचं भलं चिंतणारे.

त्यांनी काय सांगितलं? आधी घडलेल्या घटना मांडल्या. बाळांना मारणारी राक्षसी आली, त्यातून हा पोर कसाबसा वाचला. गाडा उलटला, तो अंगावर पडला नाही ही हरीची कृपा. वावटळीच्या रूपाने आलेल्या दैत्याने याला आकाशात नेलं आणि तो खडकावर आदळला, तिथेही देवांनी राखलं. आता दोन झाडांच्या मधे सापडूनही याला किंवा दुसऱ्या कुणा मुलाला काही झालं नाही, तेही अच्युतानेच राखलं. मग म्हणाले, पुढचं संकट येण्याआधी मुलांना घेऊन आपण इथून निघू या.

आणि कुठे जायचं तेही सांगितलं. वृंदावन नावाचं वन आहे. गुरांना चांगलं, नवी झाडी असलेलं, पवित्र डोंगर, गवत, वेली असलेलं. गोप, गोपी आणि गाई या तिघांनाही राहण्याजोगं. तेव्हा आजच निघू, गाडे जुंपा, गोधन पुढे जाऊ द्या. आणि सगळ्यात शेवटी एक छोटंसं वाक्य आहे, त्याचा अर्थ असा : तुम्हा सर्वांना हे पटत असेल तर!

सगळ्यांनी एका मनाने होकार दिला आणि गाडे जुंपले.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा एका गोष्टीने थांबले. उपनंदांना हे बाळ म्हणजे साक्षात देव आहे हे ठाऊक नाही. पण देवाने चार वेळा वाचवलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एखादा म्हणाला असता, "चार वेळा राखलं ना, पाचव्यांदाही राखेल. श्रद्धा ठेवा, बसा इथेच." उपनंद असं म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी देवाची कृपा म्हणजे विचार करायला मिळालेली सवड आहे. ती सवड वाया घालवायची नाही.

म्हणून, भाडं किती, पाणी येतं का, दवाखाना किती लांब, हे मोजणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं कुणी तुम्हाला म्हणालं तर त्यांना हा अध्याय वाचायला द्या.

पण त्याच अध्यायात फळवाली आहे

आता खरी गंमत. या बैठकीच्या थोडं आधी, याच अध्यायात, फळं विकणारी एक बाई येते. "फळं घ्या हो फळं" अशी तिची हाक ऐकून बाळकृष्ण ओंजळीत धान्य घेऊन धावतो. इवलीशी ओंजळ, धावता धावता धान्य बोटांतून सांडतं. तिच्याजवळ पोचेपर्यंत हातात कितीसं उरलं असेल! व्यवहाराने पाहिलं तर हा सौदा तोट्याचाच. तिने मात्र काही न बोलता त्याचे दोन्ही हात फळांनी भरले. आणि तिची टोपली रत्नांनी भरून गेली.

ही गोष्ट आपण कीर्तनात कितीदा ऐकली असेल. तात्पर्यही ठरलेलं : देवाशी हिशेब करू नये.

मग प्रश्न असा की एकाच अध्यायात दोन्ही कसं? फळवाली मोजत नाही म्हणून धन्य, आणि उपनंद एकेक गोष्ट मोजतात म्हणून शहाणे. यातलं आपण कोणाचं ऐकायचं?

मला जे समजलं ते असं. फळवाली स्वतःच्या टोपलीतलं देत होती. उपनंद दुसऱ्यांसाठी बोलत होते. मुलांसाठी, गाईंसाठी, ज्यांना बैठकीत बसून बोलता येत नाही अशांसाठी. स्वतः देताना मोजू नये, पण आपल्यावर जे अवलंबून आहेत त्यांच्या वाट्याचं मात्र चोख मोजावं. दोन्ही भक्तीच आहे.

आपली चूक बहुतेक वेळा उलटी होते. आपण आपला पगार, आपलं पद, आपली प्रगती काटेकोर मोजतो. आणि घरातल्या बाकीच्यांच्या बाबतीत म्हणतो, "होईल अॅडजस्ट!"

एक खरा कागद

नुसतं तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून घरातलंच उदाहरण देते. त्यांच्या परवानगीने लिहितेय.

माझा मावसभाऊ नाशिकला राहतो. घर स्वतःचं. घरात मावशी, काका, तो, त्याची बायको आणि चार वर्षांचा मुलगा. त्याला मुंबईतून ऑफर आली. हातात येणारा पगार 48,000 वरून 78,000. म्हणजे महिना 30,000 जास्त. स्वारी इतकी खूश की फोनवर आधी आकडाच सांगितला, कामाचं नाव नंतर.

मी म्हटलं, "रविवारी येते. कागद घेऊन बसू."

ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात. त्याच्या आसपासची भाडी त्याने विचारली आणि तो नाद सोडला. मग कल्याण ठरलं, कारण नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. आता त्याने लिहिलेला हिशेब बघा. कल्याणला भाडं 15,000. रेल्वेचा पास आणि शेअर रिक्षा 2,500. आजवर एकत्र असलेला किराणा, गॅस, वीजबिल आता दोन ठिकाणी, म्हणून 6,000 जादा. मुलाच्या शाळेच्या फीमधला फरक 2,000. महिन्यातून दोनदा नाशिकला येणं-जाणं 3,000. बेरीज 28,500.

30,000 ची वाढ कागदावर 1,500 ची झाली.

वर सुरुवातीचा खर्च वेगळा. डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचं भाडं, सामानाचा टेम्पो. आणि करार 11 महिन्यांचा, म्हणजे पुढच्या वर्षी भाडं वाढणार हे धरूनच चालायचं.

मग वेळ मोजला. कल्याणच्या घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत एका बाजूने पावणेदोन तास. रोज साडेतीन. महिन्याचे 22 दिवस धरले तर 77 तास. म्हणजे महिन्यातले तीन दिवस आणि वर पाच तास, रात्रंदिवस, नुसते प्रवासात. हा आकडा लिहिल्यावर तो जरा वेळ काही बोललाच नाही.

इथे थांबलो असतो तर उत्तर सोपं होतं : नको जाऊस. पण मग त्याची बायको बोलली. तिने अकाउंट्समध्ये सहा वर्षं काम केलंय. मूल झाल्यावर सोडलं, आणि नाशिकला परत मनासारखं मिळेना. ती म्हणाली, "माझी ओळ कुठाय या कागदावर?"

बरोबरच होतं तिचं. तिने चौकशी केली होती. मुंबईत जाऊन-येऊन केलं तर पगार जास्त, पण दोघंही रात्री आठला घरी. कल्याणमध्येच केलं तर 22,000, आणि साडेसहाला घरी. पाळणाघराचे 7,000 आणि तिच्या प्रवासाचे 1,000 वजा केले तरी 14,000 उरतात. आधीचे 1,500 मिळून 15,500. शिवाय तिला तिचं काम परत मिळतं, ज्याचा आकडा घालता येत नाही.

भागवतातल्या त्या बैठकीत यशोदा किंवा रोहिणी बोलल्याचा उल्लेख नाही. आपल्या घरच्या बैठकीत मात्र त्यांनी बोललंच पाहिजे. उपनंदांनी गोपींना राहण्याजोगं हेही बघितलं होतं, हे विसरू नका. आणि "तुम्हा सर्वांना पटत असेल तर" यातले सर्व कोण, ते आपल्या घरात आपणच ठरवायचं असतं.

काका म्हणाले, "मला न्यायचं म्हणजे झाड उपटायचं. सकाळी काळारामाला जाऊन आल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. तुम्ही जा. पण माझ्या गोळ्या कोण बघणार, रात्री-बेरात्री फोन केला तर कोण येणार, ते आधी ठरवा." स्पष्ट बोलले ते बरं झालं. मावसबहीण नाशिकलाच असते, तिला तिथल्या तिथे फोन लावला. दर महिन्याची तपासणी, औषधं, डॉक्टरांचा नंबर, हे सगळं तिच्याकडे गेलं आणि कागदावरही लिहिलं.

राहिली मावशी. ती काहीच बोलली नव्हती. चहा करून आणला, कप उचलले, पुन्हा आत गेली. मीच तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, "मावशी, तुझं काय?"

ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "माझं काय असायचंय? पोरांचं चांगलं होऊ दे." आणि मग थोड्या वेळाने, "दुपारी तो माझ्या कुशीत झोपतो गं. ते तुमच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?"

मंडळी, मला तेव्हा ती फळवाली दिसली. चार वर्षं ही बाई देतेय. दुपार देतेय, झोप देतेय, गुडघे दुखत असताना कडेवर घेतेय. मोजलं नाही कधी. मोजणारही नाही. आणि ती मोजत नाही, नेमकी म्हणूनच तिची ओळ आमच्या कागदावर नव्हती!

जी मोजत नाही, तिच्या वाट्याचं मोजणं हे इतरांचं काम आहे. आज मला तुम्हाला एवढी एकच गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आम्ही बाहेर येऊन कागदावर एक ओळ वाढवली : "दुपारची झोप". पुढे आकडा नाही. रिकामंच ठेवलं. पण ती ओळ आल्यावर सगळ्यांचं बोलणं बदललं. भाऊ म्हणाला, "मग मी आधी ऑफिसला विचारतो, आठवड्यातले दोन दिवस घरून काम देतात का. नाही म्हणाले तर ऑफर सोडतो." त्याने होकार देण्याआधी विचारलं, हे महत्त्वाचं. एकदा सही केली की असं काही मागायला आपला आवाज बारीक होतो. ऑफिसने दोन दिवस दिले. महिन्याचे 22 प्रवासाचे दिवस 13 वर आले, 77 तासांचे 46 च्या आत. आणि ते दोन दिवस महिन्यातून एकदा शनिवार-रविवारला जोडून चार दिवस नाशिकला राहायचं ठरलं.

ते गेले. दुपारची झोप मात्र भरून निघालेली नाही. मावशी अजूनही दुपारी दीडला दार लोटून घेते, सवयीने. हे मी लपवणार नाही. हिशेब नीट केला म्हणून सगळं नुकसान टळतं असं नाही. पण काय गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणासाठी गेलं तेही. न सांगता गेलेल्या गोष्टीची अढी बसते. सांगून, मान देऊन सोडलेल्या गोष्टीची आठवण राहते. या दोन्हींत खूप फरक आहे.

उपनंदांकडून घेण्यासारख्या चार गोष्टी

हे माझ्या भावाचं उत्तर झालं, ते तुमचं असेलच असं नाही. तुमचा कागद वेगळा. पण पद्धत उपनंदांची घ्या.

पहिली गोष्ट, का सोडायचं ते घटनांनी सांगा. उपनंदांनी "मला इथे करमत नाही" असं सांगितलं नाही, चार प्रसंग सांगितले. तुम्हीही लिहा. कंटाळा, मित्र गेले म्हणून, इन्स्टाग्रामवर कुणाची बाल्कनी बघितली म्हणून, ही कारणं लिहायला घेतली की आपोआप लाजतात. "घरमालकाने दोन वर्षांत दोनदा भाडं वाढवलं", "या कामात पुढे शिकण्यासारखं उरलं नाही", "बाबांच्या डायलिसिसला तिथे जवळ सोय आहे", ही कारणं कागदावर उभी राहतात.

दुसरी, आधी गवत पाहा. वृंदावनात सोनं किती आहे ते उपनंदांनी बघितलं नाही. गाईला चारा आहे का, डोंगराचा आसरा आहे का, एवढंच बघितलं. आपलं गवत म्हणजे सोसायटीत पाणी नळाला येतं की टँकरवर भागतं, शाळा आणि दवाखाना किती मिनिटांवर आहे, पावसाळ्यात स्टेशनपर्यंत पोचता येतं का, बाईमाणूस रात्री दहाला रिक्षाने निर्धास्त येऊ शकते का. घर बघायला एकदा रविवारी दुपारी जा आणि एकदा सोमवारी सकाळी आठला जा. रविवारी सगळी शहरं साजरीच दिसतात.

तिसरी, जे सगळ्यात हळू चालतात त्यांच्या चालीने निघा. त्या प्रवासाचं वर्णन वाचा. म्हातारे, मुलं, बायका यांना सामानासह गाड्यांवर बसवलं. गोप धनुष्यं घेऊन सावध चालले. गाई पुढे. तरणेताठे पुढे पळाले आणि म्हातारे मागून आले, असं झालं नाही. तुमच्या घरातही सगळ्यात हळू चालणारं कुणीतरी असेल. आजारी सासरे असतील, दहावीतली बहीण असेल. नोकरीत रुजू व्हायची तारीख त्यांच्याकडे बघून मागा. महिनाभर मागितला म्हणून ऑफर बहुधा जात नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते. गाडे चालू लागल्यावर गोपी काय करत होत्या? नवं कुंकू लावून, दागिने घालून, आनंदाने कृष्णाच्या लीला गात होत्या. यशोदा आणि रोहिणी एकाच गाड्यात बसल्या होत्या, कृष्ण-बलराम जवळ, आणि त्या दोघी ती गाणी कान देऊन ऐकत होत्या. घरदार हललंय, पुढचं गाव अजून नीट माहीत नाही, आणि गाड्यात गाणं चालू आहे!

म्हणून बजेट करताना नामाचाही वेळ लिहा. खरंच लिहा. "तिकडे गेल्यावर बघू" म्हटलेला नेम तिकडे गेल्यावर होत नाही. हरिपाठाला अर्धा तासही लागत नाही, तो दिवसात कुठे बसणार आहे? घरी जमणार नसेल तर गाडीत. मुंबईच्या लोकलमध्ये टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळं तुम्ही पाहिली असतीलच. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. त्यांनी तोच प्रवासाचा तास देवाला दिला. प्रवास चुकवता आला नाही, पण तो वाया जाऊ दिला नाही. गोपींच्या गाड्याचं आजचं रूप मला तिथे दिसतं.

वृंदावनातही बकासुर आहे

आणखी एक सांगून थांबते. अध्याय अजून संपलेला नाही.

ते वृंदावनात पोचले. सगळ्या ऋतूंत सुखाचं असं ते ठिकाण. गाडे अर्धचंद्राकार उभे करून वस्ती केली. गोवर्धन पाहून, यमुनेचं वाळवंट पाहून राम-कृष्ण दोघांना फार आनंद झाला. किती छान, असं म्हणेपर्यंत त्याच अध्यायात वासरांच्या कळपात वासराचं रूप घेऊन वत्सासुर येतो. आणि त्याच्या मागोमाग भला मोठा बगळा होऊन बकासुर!

मग उपनंदांचा निर्णय चुकला का? अजिबात नाही. वृंदावनात संकट येणार नाही असं ते कधी म्हणालेच नव्हते. गाईला गवत आहे, गोप-गोपींना राहण्याजोगं आहे, एवढंच म्हणाले होते, आणि ते खरं निघालं. पुढे गोवर्धन उचलला तो तिथेच, वेणू वाजली ती तिथेच, रास झाला तोही तिथेच. आणि बकासुराचं तोंड फाडणारा गोपाळ तोच होता, जो गोकुळातून आईच्या मांडीवर बसून गाड्यातून आला होता.

नव्या शहरात जाऊन दोन महिन्यांत ज्यांचा जीव गुदमरतो, "उगाच आलो" असं वाटतं, त्यांच्यासाठी हे आहे. बॉस खडूस निघाला, शेजारी बोलत नाहीत, पाणी आठवड्यातून दोनदा जातं, म्हणजे लगेच निर्णय चुकला असं नाही. तुम्ही ज्या कारणांनी आलात ती कारणं अजून खरी आहेत का, ते कागद काढून बघा. खरी असतील तर गाडे अर्धचंद्रात लावा, म्हणजे चार आपली माणसं जोडा. एकट्याने कुणी वस्ती केली नव्हती. कारणं खोटी ठरली असतील तर परतीचाही रस्ता आहे, आणि परत येण्यात कमीपणा नाही.

ज्यांना निवडच नाही, बदलीचा आदेश आलाय किंवा गावात कामच उरलेलं नाही, त्यांनी निदान एवढं करावं. न मोजणाऱ्या माणसाची एक ओळ आपल्या कागदावर लिहावी. पुढे आकडा घालता आला नाही तरी चालेल.

आजचा नेम

आज अकरावा अध्याय वाचा. सगळा जमला नाही तर 21 ते 36 एवढे श्लोक अर्थासह वाचा. मग घरात किंवा फोनवर, जे माणूस तुमच्यासाठी न मोजता देत आलंय, त्याला एकच प्रश्न विचारा : "माझ्या या निर्णयात तुझं काय जातं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पहिलं उत्तर "काही नाही" असंच येईल. दुसऱ्या उत्तराची वाट बघा.

प्रार्थना

हे गोपाळा, तू स्वतः गाड्यात बसून गाव बदललंस. घर हलवताना पोटात कसा गोळा येतो ते तुला माहीत आहे. आम्हाला उपनंदांची नजर दे आणि फळवालीचे हात दे. देताना आमची ओंजळ मोजू देऊ नकोस, आणि आमच्या भरवशावर असलेल्यांच्या वाट्याचं मोजायला विसरू देऊ नकोस. जिथे जाऊ तिथे गाईला गवत असो, म्हाताऱ्यांना हात असो आणि गाड्यात तुझं नाव असो.

उद्या बारावा अध्याय, अघासुर. डबे बांधून रानात निघालेल्या गोपाळांच्या सकाळपासून सुरू करू.

रामकृष्ण हरी!